इनक्युबेटरमधला ओलावा: अंडं किती सुकायला हवं?

कोंबडीची अंडी उबवायला ठेवून एकविसावा दिवस उलटतो, चार-पाच पिल्लं बाहेर येतात आणि बाकीची अंडी तशीच पडून राहतात. फोडून बघावं तर आत पुरतं वाढलेलं पिल्लू, अंगावर लव आलेली, चोच हवेच्या पोकळीकडे वळलेली, आणि मेलेलं. घरच्या इनक्युबेटरमधलं, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीतलं, सगळ्यात जिवाला लागणारं नुकसान हेच. अशा वेळी संशय आधी तापमानावर जातो, नाहीतर मधे गेलेल्या विजेवर. कधी कधी तो खराही असतो. पण शेवटच्या तीन दिवसांत दगावलेल्या पिल्लांचं कारण पुष्कळदा आधीच्या अठरा दिवसांतल्या ओलाव्यात सापडतं.

तापमान सांभाळायला थर्मोस्टॅट असतो. ओलाव्याचं काम मात्र ‘आत एक वाटी पाणी ठेवा’ एवढ्यावर भागवलं जातं. तीच वाटी जुलैत रत्नागिरीला जास्त होते आणि जानेवारीत अकोल्याला पुरत नाही. म्हणून वाटीचा हिशेब सोडून अंड्याचा हिशेब धरायला हवा.

अंडं म्हणजे माठच

माठाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि वाफ होऊन उडून जातं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठ झपाट्याने रिकामा होतो. पावसाळ्यात बाहेरून नुसता ओलसर राहतो, आतलं पाणी फारसं घटत नाही. अंड्याचंही तसंच आहे. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, साधारण दहा हजारांच्या घरात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. अंड्याच्या आत ओलावा कायम १०० टक्के धरायचा. बाहेरची हवा जितकी कोरडी, तितकं अंडं जोरात सुकतं.

हे सुकणं वाईट नाही, उलट ते व्हायलाच हवं. जितकं पाणी जातं तितकी जागा हवा घेते आणि अंड्याच्या जाड टोकाकडची पोकळी दिवसागणिक मोठी होत जाते. पिल्लू अठरा-एकोणीस दिवस फुप्फुसांनी श्वास घेत नाही. कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्याच त्याला प्राणवायू पुरवतात. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी ते आतला पापुद्रा चोचीने फाडतं, या पोकळीत चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. तिथून कवचाला पहिलं भोक पडेपर्यंत कित्येक तास, कधी कधी जवळजवळ दिवसभर, त्याला याच हवेवर काढायचा असतो. पोकळी लहान राहिली तर श्वास कोंडतो. प्रमाणाबाहेर मोठी झाली तर त्याचा अर्थ अंडं फार सुकलं: पिल्लू बारकं, अशक्त आणि भोवतीचा पापुद्रा कातड्यासारखा चिवट.

म्हणून आकडा लक्षात ठेवायचा तो हा: अंडी आत ठेवल्यापासून अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १४ टक्क्यांनी कमी व्हायला हवं. १३ टक्के धरून चालावं. हायग्रोमीटरवरचे, म्हणजे हवेतला ओलावा (आर्द्रता) टक्क्यांत मोजणाऱ्या मीटरवरचे, ४५, ५०, ५५ हे आकडे तिथवर पोचायची वाट आहेत, मुक्काम वजनाचा.

हायग्रोमीटरआधी वजनकाटा

घरगुती उबवणीत सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर अंडी एकत्र तोलावीत. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा असेल तर एकेक अंडं तोलता येतं. तसं केलंत तर प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीने सुरुवातीचं वजन लिहून ठेवा. पेन किंवा मार्कर वापरू नका, शाई छिद्रांतून आत जाऊ शकते.

समजा गावरान कोंबडीची दहा अंडी आहेत आणि ट्रेचं वजन वगळून ती ४५० ग्रॅम भरली. १३ टक्के म्हणजे ५८.५ ग्रॅम. ते अठरा दिवसांत वाटले तर रोज सव्वातीन ग्रॅम. म्हणजे सातव्या दिवशी काट्यावर ४२७ च्या आसपास दिसायला हवेत, चौदाव्या दिवशी ४०४-४०५ आणि अठराव्या दिवशी ३९१-३९२.

दिवस मोजताना एक गफलत नेहमी होते. अंडी ठेवली तो शून्यावा दिवस. रविवारी संध्याकाळी ठेवली तर सोमवारी संध्याकाळी एक दिवस पुरा होतो आणि तीन आठवड्यांनी रविवारीच एकवीस भरतात. ठेवल्या वारीच पिल्लं निघतात हे ध्यानात ठेवलं की मोजणी चुकत नाही.

आता सातव्या दिवशी काटा ४२७ ऐवजी ४३२ दाखवतोय असं धरा. २३ ग्रॅम जायला हवे होते, १८ च गेले. याचा अर्थ आत ओल जास्त आहे. ती किती कमी करायची, हेही अंदाजावर सोडायची गरज नाही. उरलेल्या अकरा दिवसांत ५८.५ वजा १८ म्हणजे ४०.५ ग्रॅम जायला हवेत, रोजचे ३.७. आत्तापर्यंत रोज २.६ जात होते. म्हणजे सुकण्याचा वेग साधारण १.४ पट करायचा. अंड्याचं सुकणं हे १०० मधून आर्द्रता वजा करून उरणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात चालतं. हायग्रोमीटर आत्तापर्यंत सरासरी ५८ दाखवत असेल तर फरक ४२ चा झाला, त्याच्या १.४ पट म्हणजे जवळपास ६०. तेव्हा आर्द्रता ४० वर आणायची. चौदाव्या दिवशी पुन्हा तोलायचं आणि गरज पडली तर पुन्हा थोडं सरकवायचं. हायग्रोमीटर थोडा खोटा बोलत असला तरी या पद्धतीत बरंचसं निभावतं, कारण अंडं खोटं बोलत नाही.

सातव्या दिवशी अंडी उजेडावर तपासताना फोल निघालेली काढून टाकतो. तेव्हा त्या अंड्यांचं सुरुवातीचं वजनही मूळ बेरजेतून वजा करायचं, नाहीतर पुढचा सगळा हिशेब कोसळतो. फोल अंडंही सुकतंच, त्यामुळे सातव्या दिवसापर्यंतचा अंदाज त्याच्यामुळे बिघडत नाही.

काटा नसेल तर मोबाइलच्या टॉर्चवर भागवता येतं. अंधाऱ्या खोलीत अंड्याचं जाड टोक टॉर्चला लावलं की पोकळीची कड स्पष्ट दिसते. त्या कडेवर सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पेन्सिलीची रेघ ओढा. अठराव्या दिवशी पोकळीने अंड्याचा पाव ते एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा, उरलेला काळा, पिल्लाने भरलेला दिसावा. डोळ्यांचा अंदाज काट्याइतका बारीक नसतो, पण ठार चुकीचं काही चाललं असेल तर ते चौदाव्या दिवशीच कळतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: सगळी अंडी एका वेगाने सुकत नाहीत. एकाच ट्रेमध्ये कडकनाथ, गिरिराज आणि गावरान अंडी ठेवली तर पातळ कवचाची पुढे पळतात आणि जाड कवचाची मागे राहतात. वय झालेल्या कोंबड्यांचं कवच पातळ होतं, लहान अंडं मोठ्यापेक्षा लवकर सुकतं. पहिल्या एक-दोन खेपांना तरी एकाच जातीची, साधारण एकाच आकाराची अंडी ठेवावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावरचा नैसर्गिक थर धुतला गेला की छिद्रं उघडी पडतात आणि जंतूंना वाट मोकळी होते.

टक्के कसले?

आर्द्रतेचे टक्के म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, त्यातली किती आत्ता तिच्यात आहे. ‘त्या तापमानाला’ हे शब्द महत्त्वाचे. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते, म्हणून वाफ तेवढीच असूनही टक्के उतरतात. इनक्युबेटर नेमकं हेच करतो: खोलीतली हवा आत ओढतो आणि ३७.५ अंशांपर्यंत तापवतो.

याचा परिणाम आकड्यांत बघा. कोकणात जुलैमध्ये बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे. हीच हवा ३७.५ अंशांना तापली की आत ५३ टक्के होते, आणि तेही पाण्याचा एक थेंब न ठेवता. त्यात अंड्यांची स्वतःची वाफ मिसळते. शंभर गावरान अंडी रोज बत्तीसेक ग्रॅम पाणी बाहेर टाकतात. अशा हवेत वाटीभर पाणी ठेवणं म्हणजे वाळत न येणाऱ्या कपड्यांवर आणखी पाणी शिंपडणं.

आता देशावरचा हिवाळा घ्या. दुपारी खोलीत २० अंश आणि ४० टक्के. आत गेल्यावर तीच हवा जेमतेम १४-१५ टक्क्यांवर येते. इथे पाणी नसेल तर अंडी अक्षरशः वाळतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात वेगळीच अडचण. खोलीच ४२ अंशांवर गेली तर इनक्युबेटरला तापमान खाली आणता येत नाही, त्याला फक्त तापवता येतं. तेव्हा यंत्र घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवावं लागतं, आणि बहुतेक घरांत ती कूलरची खोली असते. कूलरची हवा ३० अंश आणि ६० टक्के धरली तर इनक्युबेटरमध्ये पाण्याविना ३९-४० टक्के मिळतात. म्हणजे बाहेर रखरखाट असूनही आत पाणी थोडंच लागतं. कूलर रात्री बंद झाला की हिशेब पुन्हा बदलतो. एसीची खोली याच्या उलट: २५ अंश आणि ५५ टक्क्यांची हवा आत २७ टक्क्यांवर उतरते. भर पावसाळ्यात उबवण करायचीच असेल तर एसीच्या खोलीचा याच कारणाने खरा उपयोग होतो.

एसी नसेल तर पावसाळ्यात काय करावं? आत पाणी अजिबात ठेवू नये, हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवावीत आणि ओल्या फरशीपासून, स्वयंपाकाच्या वाफेपासून यंत्र दूर ठेवावं. खोलीत नुसता बल्ब लावून उपयोग नाही. त्याने खोली तापते, हवेतली वाफ कमी होत नाही, आणि ३७.५ अंशांवर आकडा तोच येतो. ५३ टक्क्यांच्या हवेत अंडी जरा कमी सुकतील, पण पिल्लं निघतात. घात होतो तो ६५-७० टक्के आर्द्रता अठरा दिवस राहिली की.

सगळ्यांना लागू पडेल अशी सुरुवात सांगायची तर पहिल्या अठरा दिवसांसाठी ४५ ते ५० टक्के धरा आणि पुढचं वजनाला ठरवू द्या. हे सगळं पंख्याच्या इनक्युबेटरचं, ३७.५ अंशांचं. पंखा नसलेल्या पेटीत हवेचे थर पडतात, वरची गरम आणि खालची गार. तिथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ३८.५ अंशांच्या आसपास ठेवतात आणि आर्द्रताही त्याच पातळीवर मोजतात.

पाणी किती खोल नव्हे, किती पसरलेलं

तांब्याभर पाणी तांब्यातच ठेवा आणि तेवढंच दुसरं पाणी ताटात ओता. ताटातलं दुसऱ्या दिवशी बरंच आटलेलं असेल, तांब्यातलं जवळपास तसंच. वाफ पृष्ठभागावरून होते. आर्द्रता वाढवायची तर भांडं पसरट घ्यायचं. खोल भांड्यात नुसतं जास्त पाणी भरून ते जास्त दिवस पुरतं, आर्द्रता वाढत नाही. कमी करायची तर भांड्याचा काही भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकायचा. अर्धं झाकलं की त्यातून होणारी वाफ जवळजवळ निम्मी होते. थर्मोकोलच्या पेटीत तळाला पाण्याच्या खाचा असतील तर एका वेळी एकच खाच भरा, सहा-आठ तास थांबा, मग दुसरीचा विचार करा. आकडा स्थिर व्हायच्या आत पुन्हा पाणी घालणं, मग घाबरून झाकण उघडणं, मग पुन्हा पाणी, या झोक्यांनी अंड्यांचे जास्त हाल होतात.

अजून वाढवायची असेल तर पाण्यात उभा स्पंज किंवा सुती कापडाची पट्टी ठेवतात. पाणी वर चढतं आणि दोन्ही बाजूंनी उडतं. स्पंज नवा घ्यावा, भांडी घासायचा नको, आणि प्रत्येक खेपेला टाकून द्यावा. ३७ अंश आणि ओला स्पंज म्हणजे जंतूंचं माहेर. पाणी उकळून कोमट केलेलं घ्या. गार पाणी ओतलं की आतलं तापमान खाली जातं, आणि बोअरच्या जड पाण्याने भांड्यात व कापडावर क्षाराची पापडी धरते. मग कापड पाणी ओढेनासं होतं.

पाणी घालायला झाकण उघडावं लागू नये. सलाईनची नळी किंवा माशांच्या टाकीची बारीक नळी पेटीच्या भिंतीतून भांड्यापर्यंत सोडा आणि बाहेरून सिरिंजने पाणी भरा. शेवटच्या तीन दिवसांत या सोयीची किंमत कळते.

अल्ट्रासॉनिक धुकं सोडणारी यंत्रं हल्ली स्वस्त मिळतात. छोट्या पेटीत ती लावू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातून वाफ नव्हे, पाण्याचे बारीक थेंब निघतात. ते अंड्यावर बसून ते गार करतात, पाण्यातले क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने सगळीकडे पसरतात आणि आर्द्रता दोन मिनिटांत ८० च्या पुढे जाते. दहा-वीस अंड्यांच्या पेटीला पसरट वाटी पुरे.

आर्द्रता वाढत नाही म्हणून हवेची भोकं बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आकडा लगेच वर जातो, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण पिल्लांना प्राणवायू जास्तीत जास्त लागतो तो शेवटच्या आठवड्यात, आणि तेव्हाच आपण त्यांचा श्वास अडवलेला असतो. ओलावा भांड्याने सांभाळायचा, भोकं हवेसाठी सोडायची.

मीटर खरं सांगतोय का?

एचटीसी-१ सारखे घड्याळवजा मीटर किंवा डीएचटी-११ सेन्सर यांचा आकडा पाच टक्के इकडेतिकडे असणं त्यांच्या दर्जाला धरूनच असतं. डब्ल्यू-१२०९ हा लोकप्रिय कंट्रोलर फक्त तापमान बघतो, आर्द्रता नाही. एक्सएम-१८ सारखे कंट्रोलर दोन्ही दाखवतात, पण त्यांचाही सेन्सर तपासूनच घ्यावा.

तपासणी मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत खोलीच्या तापमानाला दहा-बारा तास ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ८० दाखवत असेल तर तो पाचने वर आहे, त्याच्या आकड्यातून पाच वजा करायचे. मीठ सेन्सरला लागू देऊ नका.

मीटरवर विश्वासच नसेल तर जुनी ओल्या बल्बची पद्धत आहे, पुन्हा माठाच्याच तत्त्वावर. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकावर सुती बुटाच्या नाडीचा तुकडा चढवा आणि नाडीचं दुसरं टोक स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात सोडा. पाणी उडतं तसं ते टोक गार होतं. हवा कोरडी तितकं जास्त. कोरडा थर्मामीटर ३७.५ वर असताना ओला २७ दाखवत असेल तर आर्द्रता ४४ टक्के, २८ ला ४९, २९ ला ५३, आणि ३२ ला ६८. ओल्या टोकावरून पंख्याची हवा वाहती हवी आणि नाडी मळली की बदलायला हवी, नाहीतर आकडा फसवतो.

मीटर ठेवायची जागा अंड्यांच्या पातळीवर, पाण्याच्या भांड्याच्या वर नाही आणि बल्बच्या झळीतही नाही. बल्ब लागतो-विझतो तसे टक्के दोन-तीनने वर-खाली होतात; त्याची काळजी नको, दिवसभराची सरासरी बघा.

अठराव्या दिवसानंतर

इथे नियम उलटतो. सुकायचं ते सुकून झालं. आता पापुद्रा ओला राहायला हवा. अंडी फिरवणं बंद करायचं, ती आडवी ठेवायची, आणि खाली जाळी किंवा खडबडीत कापड अंथरायचं म्हणजे पिल्लांचे पाय फाकणार नाहीत. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची, भोकं पूर्ण उघडी. भांडी भरायची ती याच वेळी, आणि मग झाकण बंद ते बंद.

हे का, ते एका अंड्याकडे जवळून बघितलं की समजतं. कवचाचा पहिला टवका उडतो तेव्हा आत पांढरा, ओलसर, मऊ पापुद्रा दिसतो आणि त्यातून चोचीचं टोक हलताना दिसतं. यानंतर पिल्लू थांबतं. बारा तास, कधी चोवीस. ते अडकलेलं नसतं. पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. मग ते गोल फिरत कवच कापत जातं. या थांबण्याच्या काळात झाकण उघडलं की ओली गरम हवा एका क्षणात निघून जाते, आणि टवक्याच्या कडेचा पापुद्रा पांढऱ्याचा पिवळट, मग तपकिरी होत वाळलेल्या कागदासारखा आवळतो. पिल्लाला आत फिरताच येत नाही. बाहेर आलेल्या एका पिल्लाला उचलायला झाकण उघडलं आणि टवका पाडून बसलेली तीन आत अडकली, असं घडतं ते यामुळे. आधी निघालेल्या पिल्लांना घाई नसते. पोटातल्या बलकावर ती दिवसभर आत आरामात राहतात.

ओली पिल्लं निघायला लागली की आर्द्रता आपोआप ७५-८० पर्यंत चढते. ती खाली आणायची खटपट करू नका. भोकं उघडी आहेत एवढं बघा.

अठराव्या दिवशी वजन ९-१० टक्क्यांनीच घटलं असेल तर आर्द्रता लगेच वाढवू नका. पहिल्या अंड्याला टवका दिसेपर्यंत कोरडंच चालू द्या, मग नळीतून कोमट पाणी सोडून वाढवा. हातात उरलेला एवढाच उपाय, पण काही पिल्लं त्यानेही वाचतात.

टवका पडून चोवीस तास उलटले, काहीच सरकत नाही आणि पापुद्रा तपकिरी कोरडा दिसतोय, तरच मदतीचा विचार करा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या काडीने टवक्याच्या कडेचा पापुद्रा ओला करा, नाकपुड्यांपासून लांब. रक्ताची बारीक रेघ दिसली तर हात तिथेच थांबवा, अंडं आत ठेवा, काही तासांनी पुन्हा बघा. कवच सोलून पिल्लू ओढून काढू नका; बलक आत जायचा बाकी असेल तर ते मरतं.

वीज गेली तर, आणि अंड्याला घाम आला तर

लोडशेडिंगमध्ये तापमान उतरतं तसे टक्के वर चढतात. पेटी गोधडीत गुंडाळताना भोकं झाकली जाणार नाहीत हे बघा. वाढलेला आकडा पाहून पाणी काढायला झाकण उघडू नका. वीज आली की तो आपोआप खाली येतो.

थंड अंडं एकदम दमट उबेत ठेवलं तर गार बाटलीसारखं त्यावर पाणी जमतं. ते पाणी जंतूंना घेऊन छिद्रांतून आत शिरतं आणि अंडं सडू शकतं, कधी फुटतंही. उबवणीची अंडी फ्रिजमध्ये नकोतच. १५ ते १८ अंशांची जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर घरातल्या गारव्याच्या कोपऱ्यात, निमुळत्या टोकाची बाजू खाली करून, सात दिवसांच्या आत वापरावीत. ठेवण्याआधी काही तास खोलीत येऊ द्यावीत.

न फुटलेली अंडी फेकायच्या आधी

बाविसावा दिवस संपला की उरलेली अंडी उघड्यावर, नाक जपून, फोडून बघा. पिल्लू मोठं, थुलथुलीत, पोकळी लहान, सगळीकडे पाणी आणि चिकट द्रव, बेंबी उघडी: अठरा दिवस ओल जास्त होती. पिल्लू बारकं, पोकळी मोठी, पापुद्रा अंगाला घट्ट चिकटलेला: ओल कमी होती. वजन बरोबर घटलं होतं, टवका पडला होता आणि नंतर पापुद्रा वाळला: शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडलं गेलं किंवा भांडं आटलं. चिकट, गोंदासारख्या द्रवाने माखलेलं पिल्लू उशिरा, बाविसाव्या दिवशी टवका पाडत असेल तर तापमानही कमी असण्याची शक्यता असते. तेव्हा नुसत्या ओलाव्याला दोष देऊ नये. पहिल्या आठवड्यातच मेलेला गर्भ, लाल रिंगण दिसणारं अंडं, यांचा आर्द्रतेशी सहसा संबंध नसतो. तिथे अंडं किती दिवस साठवलेलं होतं आणि तापमान किती होतं, ते बघा.

जे दिसेल ते त्या खेपेच्या वजनांशेजारी वहीत लिहा, महिना आणि खोलीची आर्द्रता यांसह. आषाढातली ४७ टक्के आणि पौषातली ४७ टक्के अंड्याला सारखीच, पण तिथे पोचायला लागलेलं भांडं वेगळं. वहीत भांड्याचं मापही हवं. मग पेटी पुसून घ्या, पाण्याची भांडी घासून उन्हात वाळवा, स्पंज टाका, आणि पुढची अंडी गोळा होत असतानाच मीटर पुन्हा एक रात्र मिठाच्या पिशवीत ठेवा.